फोन न येणारा फोन

जावयाचा फोन कापायचा नसतो, हे सकवारबाईंना कोणी शिकवलं नव्हतं. ते त्यांच्या अंगातच होतं. जावई म्हणजे दहावा ग्रह, असं आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. बाकीच्या नवांची शांत करता येते, दहाव्याचा फोन मात्र उचलावाच लागतो. या एका नियमापायी गेल्या वर्षी सकवारबाईंनी भरल्या सभागृहात स्वतःचं आणि सगळ्या मैत्रिणींचं नाक कापून घेतलं.

बेंगळुरात शेकडो वर्षांपूर्वी येऊन राहिलेली जी मराठी घराणी आहेत, त्यांचं जयनगरात एक सभागृह आहे. गौरी-गणपतीत तिथे बायकांची झिम्मा-फुगडीची स्पर्धा असते. सकवारबाईंच्या संघातल्या सगळ्या साठीच्या आगेमागे. या वयात फुगडी घालता येते आणि गाणंही म्हणता येतं, पण दोन्ही एकदम म्हटलं की दम पुरत नाही. म्हणून त्यांनी युक्ती काढली होती. गाणी आधी निवांत बसून म्हणायची, फोनवर भरून ठेवायची आणि खेळताना मोठ्या स्पीकरवर लावायची. आवाज आपलाच, फक्त आधी काढून ठेवलेला. फोन सकवारबाईंचा, त्यामुळे त्या रंगमंचाच्या कडेला खुर्ची टाकून फोन सांभाळत बसायच्या. खेळायची हौस त्यांनाही होती, लग्नाआधी तर गल्लीत त्यांच्याशी फुगडी घालायला पोरी घाबरायच्या. पण फोनपाशी कोणीतरी हवंच, आणि ‘कोणीतरी’ म्हटलं की सगळ्यांच्या माना सकवारबाईंकडे वळायच्या.

गेल्या वर्षी खेळ ऐन रंगात आला होता. बायका फेरात होत्या, टाळ्या पडत होत्या आणि मध्येच गाणं थांबून स्पीकरवर घंटी वाजायला लागली. पडद्यावर नाव होतं अजिंक्यरावांचं. सकवारबाईंची लेक हर्षिता बेंगळुरातच, येलहंक्याला दिली आहे, तिचे हे यजमान. आता शहाण्या बाईनं काय केलं असतं? सकवारबाई खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या, डोक्यावर पदर घेतला आणि फोन उचलला. त्याबरोबर जावयाचा आवाज सगळ्या सभागृहात घुमला, “आई, मिक्सरचं गॅरंटी कार्ड तुमच्याकडंच राहिलं का, विचारतेय हर्षिता.” सकवारबाईंनी, फोनवर त्या नेहमी बोलतात तशाच खणखणीत आवाजात, सांगितलं, “देवघराच्या खालच्या खणात आहे, जावईबापू. जेवलात का?”

रंगमंचावर बायका हात वर करून तशाच उभ्या होत्या. सभागृह इतकं हसलं की कॉफी देणारी माणसंसुद्धा काय झालं ते बघायला आत आली.

अंबूबाई, म्हणजे संघाच्या म्होरक्या, संक्रांतीपर्यंत सकवारबाईंशी बोलल्या नाहीत. सगळ्या त्यांना अंबूअक्का म्हणतात. शाळेत मुख्याध्यापिका होत्या, आणि नोकरी संपली तरी तो आवाज काही संपलेला नाही. या वर्षी श्रावण लागताच त्यांनी गच्चीवर पहिली तालीम बोलावली आणि आल्याआल्याच सांगून टाकलं.

“पद्माकरअण्णांनी बोलावलं होतं मला.” पद्माकरअण्णा म्हणजे सभागृहाच्या समितीचे चिटणीस. “म्हणाले, नव्या अपार्टमेंटांतल्या पुण्या-मुंबईच्या बायका जास्त वेळ मागताहेत, त्यांना आहे तो पुरत नाही. यंदा तुमचं गाणं परत मध्येच बंद पडलं, तर पुढच्या वर्षीपासून तुम्ही खेळायचं नाही. हळदीकुंकवाला या, बसा, बघा.”

आयुष्यभर ज्या फेरात नाचलो, तो आता खुर्चीवर बसून बघायचा, ही कल्पनाच सगळ्यांच्या नाकाला झोंबली होती.

“तेव्हा सकवार,” अंबूअक्का म्हणाल्या, “तू बिघडवलंस, तूच निस्तर. गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजलं पाहिजे. कसं ते तू बघ.”

सकवारबाईंनी मान खाली घातली. त्यांना मनातून फार लागलं होतं, कारण चूक त्यांची होती आणि ती त्यांना पुन्हा करणं अगदी सहज शक्य होतं, हेही त्यांना ठाऊक होतं.

मुलगा गिरीराज पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात इंजिनिअर. त्यानं दोन वाक्यांत निकाल लावला. “आई, फ्लाइट मोड टाक. कोणाचा फोन येत नाही.” त्यानं बटण दाखवलं, सकवारबाईंनी दाबलं. पण बटण दाबलं की त्यांच्या जिवाची घालमेल सुरू व्हायची. न जाणो, हर्षिताला काही लागलं असेल. न जाणो, कोणी पडलं असेल. मग दोन तालमींच्या मध्ये त्या हळूच बटण काढायच्या, कोणी फोन केला होता का ते बघायच्या, आणि परत दाबायला विसरायच्या. गच्चीवरच्या दुसऱ्याच तालमीला अजिंक्यरावांचा फोन आला. करंजीसारखे कडबू खुसखुशीत होण्यासाठी मोहन किती घालायचं, हे हर्षिताला हवं होतं. सकवारबाईंनी तेही सांगितलं. अंबूअक्का पाण्याच्या टाकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

बरं, दुसरीचा फोन घ्यावा, तर घरोघरी मातीच्या चुली. संघातल्या प्रत्येकीला एक तरी जावई होता. एकीला दोन होते, त्यातला एक अमेरिकेत, त्याचा फोन कधी येईल याचा नेमच नाही. फोन बंद ठेवायला एकही तयार होईना, खुद्द अंबूअक्कासुद्धा नाही.

गौरीसाठी कपाटं आवरताना सकवारबाईंना खणाच्या तळाशी त्यांचा जुना फोन सापडला. बटणांचा, लहानसा, काळा. एका कंपनीनं तो अगदी स्वस्तात विकला होता, पण अट अशी की त्यात त्याच कंपनीचं सिम चालणार, दुसरं कुठलंही घातलं तर फोन नकार देणार. पुढे गिरीराजनं त्यांना मोठ्या पडद्याचा फोन घेऊन दिला, नंबर दुसऱ्या कंपनीत नेला आणि हा बिचारा खणात गेला. फोन हातात घेतल्यावर सकवारबाईंच्या डोक्यात एक बेत शिजला. आपलं सिम या जुन्या फोनात घालायचं. जावयाचे फोन याच्यावर येऊ देत, गाणी त्या मोठ्यावर वाजू देत. दोन चुली मांडल्या की भांडण मिटतं.

तो फोन पिशवीत टाकून त्या चौथ्या ब्लॉकातल्या नागराजच्या दुकानात गेल्या. नागराजचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान म्हणजे एक काउंटर, एक दिवा आणि त्याच्यामागे तो. त्यानं फोन जरा वेळ चार्जिंगला लावला आणि सकवारबाईंचं सिम घालून पाहिलं. पडद्यावर आलं की हे सिम चालणार नाही.

“आगल्ला अम्मा,” तो म्हणाला, म्हणजे जमणार नाही. सकवारबाईंशी तो अर्धं कन्नड, अर्धं मराठी बोलतो. “कंपनीचं लॉक आहे. हे उघडत नाही. उघडायला गेलो तर फोनच जाईल.”

“स्वल्प बघ ना रे. काहीतरी करशील.”

“काय बघू? याला दुसरं सिम लागणार नाही. आणि त्या कंपनीचं तुमचं सिम आता नाही. नुसता डबा आहे हा.” सिम काढून देताना त्याचं बोट कुठल्याशा बटणावर पडलं, आणि त्या डब्यातून एकदम बायकांचं गाणं सुरू झालं. सकवारबाईंनीच कधीतरी बारशात भरून घेतलेलं. आतल्या मेमरी कार्डात तसंच पडून होतं.

नागराजनं ते बंद करायला हात पुढे केला. सकवारबाईंनी त्याचा हात धरला.

“सिम नसताना हा गातोय?”

“गाण्याला सिम कशाला लागतंय अम्मा? कार्डात आहे ते वाजणार. चार्ज असेपर्यंत वाजणार.”

“आणि फोन येईल याला?”

“कुठून येणार? सिमच नाही.”

“दुसऱ्या कोणाचं सिम घातलं तर?”

“घेणारच नाही तो. आत्ताच दाखवलं ना? या फोनला जन्मात कोणाचा फोन येणार नाही.” नागराजला वाटलं, अम्मांना वाईट वाटतंय. त्यानं समजुतीच्या सुरात पुढे सांगितलं, “काढून टाका. नाहीतर लॉक तोडणारा एक आहे ओळखीचा, त्याला विचारून बघतो. सरी? चालेल ना?”

सकवारबाई त्या काळ्या फोनाकडे बघत राहिल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी आपली गत झाली होती. जो फोन कोणालाच नको होता, कारण त्याला फोन येत नाही, तोच तर आपल्याला हवा होता. मोठा फोन घरी खुशाल वाजू दे, पिशवीत वाजू दे, हा आपला गात राहील. याच्यात बटण दाबून गप्प करायचं काही नव्हतं, आणि मोह होऊन परत सुरू करायचंही काही नव्हतं.

“कुलूप राहू दे,” त्या म्हणाल्या. “कुलूप आहे म्हणून तर बरं आहे. तू फक्त आमची गाणी याच्यात घाल.”

नागराजनं त्यांच्याकडे जरा संशयानंच पाहिलं, पण सगळी गाणी एकाला एक जोडून कार्डात घातली. वर एक वायरही दिली. या फोनला वायर खोचायचं गोल भोक होतं, मोठ्या फोनला ते नव्हतंच. स्पीकरला थेट जोडलं की झालं.

त्या संध्याकाळी गच्चीवर सकवारबाईंनी तो फोन टाकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि बटण दाबलं. गौराई मल्लिगे माळून आली, सासरचा शीण वाटेत गाळून आली, असं त्यांचं घरचंच गाणं, आजीच्या वेळेपासूनचं, मराठीत मधूनमधून कन्नड पेरलेलं, मल्लिगे म्हणजे मोगरा. आठ बायकांचे आवाज गच्चीभर झाले. पिशवीत मोठा फोन मध्येच थरथरला. सकवारबाईंनी तो बाजूला नेऊन उचलला, जावयाशी बोलल्या, जेवलात का तेही विचारलं, आणि गाणं चालूच राहिलं. अंबूअक्कांनी नाचता नाचता एक भुवई वर केली. त्यांच्या हिशेबी ती शाबासकीच होती.

पण सुख इतक्या सुखासुखी मिळालं तर ते सकवारबाईंचं कसलं. दुसऱ्या दिवशी ऐन फुगडीत फोननं गाणं थांबवलं आणि कोंबड्यासारखा आरवायला लागला. बायका एकमेकींच्या अंगावर आदळता आदळता वाचल्या. सकाळच्या गोळीसाठी सकवारबाईंनी कधीकाळी लावलेला तो गजर होता. सिम नाही, त्यामुळे फोनला खरी वेळ कळत नव्हती. खणात पडून बॅटरी संपली तेव्हा त्याचं घड्याळ थांबलं, आणि परत चार्ज झाल्यावर ते आपल्या मनानं सुरुवातीपासून चालू झालं होतं, आणि भर संध्याकाळी त्याच्याकडे पहाट झाली होती.

“अजून काय काय आहे याच्या पोटात?” अंबूअक्कांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली.

“बघते अक्का.”

“बघ. मला त्या खुर्चीवर बसायचं नाही, सकवार. मी सांगून ठेवते. गुडघे गेले तरी चालतील, पण मला बसून बघता येणार नाही.” आणि अंबूअक्कांनी पटकन पाठ फिरवली. इतक्या वर्षांत सकवारबाईंनी त्यांचे डोळे भरलेले पहिल्यांदा पाहिले.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळीच, चष्मा लावून सकवारबाई फोन घेऊन बसल्या. दिवाळीत घर झाडावं तसा त्यांनी तो फोन कोपरान् कोपरा झाडला. गजर काढला, आठवणीच्या नोंदी काढल्या, कोणाकोणाचे वाढदिवस काढले, खेळ काढले. गिरीराज मदतीला आला तर त्याला उठवून लावलं. बटणं दाबून दाबून अंगठा दुखायला लागला, पण शेवटी त्या फोनात गाण्याशिवाय काही उरलं नाही. पुढच्या सगळ्या तालमी बिनबोभाट झाल्या.

स्पर्धेच्या दिवशी सभागृह खच्चून भरलं होतं. सकवारबाईंच्या आधी अपार्टमेंटवाल्या बायकांचा संघ होता. त्यांची पुढारीण अश्लेषा, तरणी, हसतमुख, सगळं नीट आखून आलेली. त्यांची गाणी टॅबवर, इंटरनेटवरून वाजणारी. पण सभागृहात एवढ्या माणसांचे एवढे फोन की नेटचा पत्ता नाही. अर्ध्यावर गाणं थांबलं आणि पडद्यावर नुसतं चाक फिरत राहिलं. मागच्या रांगेत कोणीतरी फिदीफिदी हसलं. बरी जिरली, असं सकवारबाईंना क्षणभरही वाटलं नाही, कारण ते हसू अंगावर कसं येतं हे त्यांना कळत होतं. अश्लेषानं टाळी धरली, तिच्या मैत्रिणी तोंडानंच गायला लागल्या आणि मोठ्या हिमतीनं त्यांनी खेळ पुरा केला. सकवारबाईंनी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या.

आणि त्याच वेळी त्यांचा मोठा फोन वाजला. शिवलीलाचा होता, तिच्या घरून. अंबूअक्कांची फुगडीची जोडीदारीण ती. सकाळी न्हाणीत पाय घसरला, गुडघा सुजलाय, रिक्षात बसता येईना, म्हणत होती आणि रडत होती.

अंबूअक्का भिंतीला टेकल्या. “फुगडी गाळू या,” त्या म्हणाल्या. “जोड्या पुऱ्या होत नाहीत.”

“फुगडी गाळली तर राहिलं काय?” दुसरी कोणीतरी बोलली.

पद्माकरअण्णांनी माईकवरून संघाचं नाव पुकारलं. वेळ संपल्याची खूण द्यायला हातात पितळी घंटा घेऊन ते रंगमंचाच्या पायऱ्यांशी उभे होते.

“मी येते,” सकवारबाई म्हणाल्या.

“आणि फोन?”

“फोनपाशी कोणी लागत नाही अक्का. त्याला कोण हाक मारणार आहे?” हे बोलताना त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. इतकी वर्षं खुर्चीवर बसून त्यांनी फोन राखला होता, आणि या फोनला राखणीची गरजच नव्हती.

साउंडवाल्यानं वायर खोचली, आवाज वाढवला आणि तो कॉफी प्यायला निघून गेला. सकवारबाईंनी फोन स्पीकरवर ठेवला, बटण दाबलं, पदर खोचला आणि त्या फेरात शिरल्या.

पहिल्या कडव्याला त्यांचं अर्धं लक्ष फोनकडेच होतं. गेल्या वर्षी जिथे घंटी वाजली होती ती जागा जवळ आली तशी त्यांची एक टाळी चुकली. त्याच वेळी फोनचा पडदा काळा झाला. पण पडदा विझला तरी गाणं विझलं नाही. मल्लिगे माळलेली गौराई आपली चालतच राहिली. ती जागा आली आणि गेली. फेरातल्या सगळ्या बायकांनी ती जागा मनातल्या मनात मोजलेली होती, कारण ती ओलांडताच सगळ्यांच्या टाळीचा आवाज एकदम मोठा झाला.

मग फुगडी आली. अंबूअक्कांनी हात पुढे केले, सकवारबाईंनी आपले हात आडवे घालून ते धरले, पाय जुळवले आणि दोघी मागे रेलल्या. फुगडीत समोरचीवर सगळा भार टाकावा लागतो, तिनं हात सोडला तर पाठ जमिनीला लागते. अंबूअक्कांनी भार टाकला. सकवारबाईंनी तो पेलला. सभागृह भोवती फिरायला लागलं, पंखे, दिवे, रांगा, हर्षिता, तिच्या शेजारी उभं राहून टाळ्या वाजवणारे अजिंक्यराव, सगळं एकात एक मिसळलं आणि सकवारबाईंना लग्नाआधीच्या गल्लीत वाटायचा तो आनंद जसाच्या तसा झाला. त्या हसत सुटल्या. अंबूअक्काही हसत होत्या.

शेवटच्या ओळीवर जोड्या सुटल्या, फेर थांबला, गाणं पुरं संपलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. सभागृह उठून उभं राहिलं. बायका धापा टाकत नमस्काराला वाकल्या.

आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

तालमीत दर वेळी फोनपर्यंत जायला नको, म्हणून सकवारबाईंनी ते संपलं की आपोआप परत लागावं असं करून ठेवलं होतं. फोनची ती झाडलोट करताना तेवढं राहून गेलं. साउंडवाला बाहेर, रंगमंचाच्या कडेची खुर्ची रिकामी.

“बंद कर जा,” अंबूअक्का दम खात म्हणाल्या.

सकवारबाई फोनच्या दिशेनं एक पाऊल गेल्या. समोर सगळं सभागृह त्या तालावर टाळ्या देत होतं. मागच्या रांगा, जिथून हसू आलं होतं, त्याही. पायऱ्यांपाशी अश्लेषा आणि तिच्या मैत्रिणी पदर खोचून उभ्या होत्या, वर यावं की नाही अशा. पद्माकरअण्णांनी घंटा वाजवली. ती बहुधा त्यांनाही ऐकू आली नसेल.

सकवारबाई वळल्या आणि त्यांनी अंबूअक्कांपुढे हात आडवे धरले. “अक्का, आपली गेल्या वर्षीची फुगडी राहिलीय.”

अंबूअक्कांनी एकदा आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग हात धरले. अश्लेषाचा संघ वर चढला. त्यांच्यामागून पहिल्या रांगेतल्या आल्या, मग हर्षिता आली. पद्माकरअण्णांनी घंटा खिशात घातली. पहिलं बक्षीस कोणाचं, ते जाहीर व्हायला त्या दिवशी फार वेळ लागला, कारण परीक्षक बाई गुणांचा कागद खुर्चीवर ठेवून स्वतःच फुगडी घालत होत्या. ते सकवारबाईंच्या संघाला मिळालं, पण ते नंतर. आत्ता गाणं संपत होतं, पुन्हा सुरू होत होतं, आणि ते बंद करायला कोणीही जात नव्हतं.